तुम्ही विचारलंत म्हणून: "तुम्हाला आधी कळलं नव्हतं का?"

२०१९ पासून हा एकच प्रश्न. लग्नाकार्यात जावा-नणंदा विचारतात, महिला संघाच्या मीटिंगमध्ये बायका विचारतात, आणि परवा १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाच्या कार्यक्रमात एका कॉलेजच्या मुलीनं माईकवरून विचारलं, काकू, तुम्हाला आधी कळलं नव्हतं का? माझ्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यानं वडिलांवर हात टाकला, त्यात ह्यांचा उजवा डोळा गेला. आमच्या बेळगावच्या वडगावात हे सगळ्यांना माहीत आहे. खाली जे लिहितेय ते माहीत नाही. ह्यांना विचारूनच लिहितेय.

आतापर्यंत मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "नाही हो, एकदम झालं." ते खोटं आहे. त्याच्या तीन आठवडे आधीपासून मी रोज रात्री जेवणं झाली की घरातल्या सुऱ्या तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवत होते आणि विळी माळ्यावर. सकाळी भाजी चिरायला सुरी काढली की पात्याला तांदळाची पांढरी भुकटी लागलेली असायची, ती पदराला पुसायची आणि कामाला लागायचं. जिला काहीच कळलेलं नाही ती बाई असं करते का? आणि तरी त्या दिवसांत तुम्ही मला विचारलं असतंत तर मी देवाची शपथ घेऊन सांगितलं असतं की पोरगा ठीक आहे, डिप्लोमाचे विषय राहिलेत म्हणून जरा टेन्शनमध्ये आहे. खोटं बोलतेय असं वाटलंही नसतं.

गाणगापूरला दोनदा नेलं त्याला. तिथं दुपारच्या आरतीला लोकांची पोरं किंचाळत खांबांवर चढत होती आणि माझा पोरगा हात जोडून शांत उभा होता, आणि मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे बाधा नाही. बाधा नाही म्हणजे काहीच नाही, असा माझा हिशोब. धारवाडचं मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल बसनं दोन तासांवर, पण आमच्या भागात "धारवाडला नेलं" याचा एकच अर्थ लोक घेतात आणि तेव्हा मुलीचं स्थळ निपाणीत जवळजवळ ठरलेलं. मग मी काय करायला हवं होतं, एकाला वाचवायला दुसरीचं मोडायचं? असं मी कितीदा तरी भांडलेय, लोकांशी आणि स्वतःशी. पण खरं सांगायचं तर स्थळ ठरायच्या आधीही दीड वर्ष माझ्या हातात होतं, आणि तेव्हाही मी गेले नव्हते.

त्या ऑगस्टचा पाऊस बेळगाव जिल्ह्यात कोण विसरणार नाही. आमच्या घरात गुडघाभर पाणी, लाइट गेलेली, पुढच्या खोलीतले कापड विणायचे चारही वीजमाग बंद. आमच्या घरात पहाटेपासून रात्री दहापर्यंत मागाचा खडखडाट, त्यात एकमेकांचं बोलणंसुद्धा ओरडून करायची सवय. तो खडखडाट बंद झाला. दुसऱ्या दिवशी पोरगा मला म्हणाला, "आई, माग बंद पडले की ती माणसं मोठ्यानं बोलायल्यात." मी म्हटलं, कोण माणसं, पावसाचा आवाज आहे तो. इतकंच म्हटलं आणि पाणी उपसायला लागले.

पाचव्या रात्री हे दिवसभर भिजलेल्या सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जड रूळ, उचलून थकलेले. तो अंधारात मागापाशी बसलेला. म्हणाला, "बाबा, त्यांना गप करा." हे म्हणाले, "कोणाला रे?" तो परत तेच. चार-पाच वेळा झालं, मग ह्यांचा तोल गेला, "झोप गप, हुच्च्यासारखं करू नको." हुच्च म्हणजे कन्नडमध्ये वेडा. सुऱ्या डब्यात होत्या, विळी माळ्यावर. धोटे मात्र घरभर. मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेणारा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी बसवलेला लाकडी धोटा आमच्याकडं पोळपाट-लाटण्यासारखा इकडंतिकडं पडलेला असतो, ते हत्यार आहे असं तीस वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं. मला फक्त आवाज ऐकू आला, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा, परत, परत. मग शांत. मग मोबाईलचा टॉर्च लागला, तो त्यानंच लावला, आणि ह्यांच्या तोंडावर धरून मला विचारतो, "आई, बाबांना काय झालं?"

हवालदार आला तेव्हा हे म्हणाले, मागावरचा धोटा उडून लागला. तसं होतं आमच्या धंद्यात, धोटा उडून डोळे गेलेली माणसं असतात. पण पाच दिवस लाइट नव्हती. हवालदारानं माग बघितले, वर बंद पंखा बघितला, आणि सांगितलं तेवढं लिहून घेतलं.

रस्ता सुरळीत झाल्यावर धारवाडला गेलो. डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, किती दिवस झाले? मी सांगितलं, "हत्तु दिवस." दहा दिवस. ह्यांच्या डोळ्यावर पट्टी, आणि तरी माझ्या तोंडून दहाच दिवस निघाले. शेजारच्या खुर्चीवरून पोरगा म्हणाला, "एरडु वर्ष." दोन वर्षं. आमच्या घरात खरं बोलणारा तो एकटाच होता, आणि पेशंटही तोच.

अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत २० एप्रिल १९९९ ला दोन मुलांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला गोळ्या घातल्या आणि मग स्वतःला. त्यातल्या एकाची आई, सू क्लेबोल्ड, नंतर कित्येक वर्षं आत्महत्या टाळण्याबद्दल बोलत राहिली. ती सांगते, मला कळलं नव्हतं. मुलाच्या वहीत दोन वर्षांपूर्वीच मरायच्या गोष्टी लिहिलेल्या होत्या, पण त्या तिनं वाचल्या त्याच्या मरणानंतर. मला आधी तिचा संताप आला, आईला कळत नाही असं होईल कसं! मग लक्षात आलं, मला लोक जे विचारतात तेच मी तिला विचारायला लागलेय.

कार्यक्रमांत मला सांगायला लावतात की असे पेशंट धोकादायक नसतात. बहुतेक नसतातच, उलट मार खाणारेच जास्त, हे मी धारवाडच्या वॉर्डात बघितलंय. पण माझा होता, एका रात्री, दोन-चार मिनिटं. ही दोन्ही वाक्यं मला एका दमात बोलू द्या, नुसतं पहिलं बोलायला लावू नका. आता २०२२ पासून १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. मी सगळ्यांना देते तो नंबर. २०१९ ला असता तर मी लावला असता का? त्या कॉलेजच्या मुलीला माईकवर "हो" म्हणाले. घरी येऊन विचार केला तर सुऱ्या लपवणारी ती बाई फोन उचलताना काही दिसेना.

महिन्याचं इंजेक्शन चालू आहे. तो दोन माग सांभाळतो, ह्यांना एका डोळ्यानं तुटलेला धागा सापडत नाही तिथं तोच गाठ मारतो. सुऱ्या ओट्यावर असतात. लाइट गेली, माग थांबले, की मी मात्र उठून बसते. अंधारातून त्याचा आवाज येतो, "झोप गं आई, कोण बोलायलं नाही." खरंच कोणी बोलत नाही, की मला झोप लागावी म्हणून म्हणतो, ते मी अजून विचारलेलं नाही.