सुरगाठ

परवा दुपारी बेळगावच्या रविवार पेठेत रिक्षाची वाट पाहत उभी असताना दोरखंडाच्या दुकानात एकाच खिळ्याला म्हशींची दावी आणि कुत्र्यांचे पट्टे शेजारी शेजारी लटकलेले दिसले. दावी नायलॉनची, निळी-पिवळी. पट्टे जरा रुबाबदार, धरायला मऊ मूठ आणि टोकाला चकचकीत चाप असलेले. दुकानदार एका गिऱ्हाइकाशी मराठीत, तर दुसऱ्याशी कन्नडमध्ये भाव करीत होता आणि त्यात काही विशेष आहे असे तिघांपैकी कोणालाही वाटत नव्हते.

दावे बांधायला मला आज्जाने शिकवले. तेव्हा दावी वाखाची असत. घायपाताची पाने कुजवून, बडवून काढलेला तो वाख हाताला चांगलाच टोचे. आज्जाचा नियम एकच होता, "गळ्याला आवळत्याली गाठ मारायची न्हाई, आणि खुंट्याला सुटंना असली मारायची न्हाई." एकाच दोरीच्या दोन टोकांना दोन वेगळ्या गाठी. गळ्याशी निरगाठ, म्हणजे जनावराने कितीही हिसडा दिला तरी फास बसत नाही. आणि खुंट्याशी सुरगाठ, जिचे लोंबते टोक ओढताच बैल मोकळा होतो. गोठ्याला लागूनच गवताची गंजी असायची, तिला कधी आग लागली तर गाठ उकलत बसायला वेळ कोणाला मिळणार? दाव्याची लांबीही आज्जा असाच विचार करून ठरवी. गव्हाणीत तोंड पोचले पाहिजे, निवांत बसता आले पाहिजे, पण उठताना पायात अडकेल इतकी ढील नको. वेसण, कासरा, लोढणे ही पुढची मंडळी. त्यांतले लोढणे मला अजिबात आवडत नसे, कारण उनाड गुराच्या गळ्यात ओंडका अडकवून त्याला शहाणे करण्याच्या कल्पनेत माणसाचा आळसच अधिक दिसतो.

इंग्रजीतला 'लीश' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ सैल करणे, सोडणे अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे, हे पुढे कधीतरी वाचले तेव्हा मला आज्जाच आठवला. शिकारी तिथे कुत्र्यांना दोरीने धरून नेत ते नेमक्या क्षणी सोडण्यासाठीच, आणि त्यांच्या बोलीत तीन कुत्र्यांच्या संचालाही लीशच म्हणत. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळचा कुत्रा याच जातकुळीचा. 2005 साली टपाल तिकिटावर झळकलेला हा लांब पायांचा, खपाटीला गेलेल्या पोटाचा प्राणी वासापेक्षा नजरेवर शिकार करतो. ससा दिसला की धावलाच. असल्या कुत्र्याला धरून ठेवणे सोपे, सोडण्याची वेळ साधणे अवघड. आता शिकार राहिली नाही, त्यामुळे टिळकवाडीच्या रस्त्यांवर पट्टा केवळ धरण्यापुरता उरला आहे. बटण दाबले की आपोआप गुंडाळणाऱ्या पट्ट्यांचे तर मला मुळीच कौतुक नाही, कारण ढील किती द्यायची हे त्यात हाताला कळतच नाही.

नायलॉनबद्दलही माझी तक्रार आहे. ते कुजत नाही, स्वस्त पडते, हे सगळे मान्य. पण ते गुळगुळीत असल्यामुळे त्यावर सुरगाठ टिकत नाही, आणि मग लोक खुंट्यालाही दोन-तीन निरगाठी मारून मोकळे होतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा या तिन्ही नद्या एकदम फुगल्या, तेव्हा चिक्कोडीकडच्या आमच्या एका पाहुण्यांनी अंधारात, मांडीभर पाण्यात उभे राहून विळ्याने दावी कापली होती. म्हैस पोहते, पण सोडली तर. ते हे सांगत असताना मला खुंट्याकडच्या गाठीविषयी विचारायचे होते, पण विचारले नाही.

आमच्या घरी आता जनावर नाही. तरीही तांदळाच्या पोत्याचे तोंड मी सुरगाठीनेच बांधते. उचलताना कोणीतरी नेमके लोंबते टोक धरते, बासमती स्वयंपाकघरभर पसरतो आणि घरातले सगळे माझ्याकडे बघतात. पोत्याला आग लागणार आहे का, असे त्यांचे म्हणणे असते आणि त्यावर माझ्यापाशी उत्तर नसते.