तुंबलेलं सिंक आणि ड्रेन क्लीनरची पुडी

पुडी फोडून जाळीवर ओतायची, ग्लासभर पाणी टाकायचं, अर्ध्या तासाने नळ सोडायचा. एवढं केलं की कधी सिंक झटक्यात मोकळं होतं, कधी ढिम्म हलत नाही आणि कधी आधीपेक्षा घट्ट बसतं. हा नशिबाचा खेळ नाही. पाइपात काय अडकलंय आणि पावडर तिथवर पोचली का, यावर सगळं ठरतं.

आधी पाइपात काय असतं ते बघू. सिंकखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे पाइपाला जोडलेला बाटलीसारखा भाग, उघडला की एक करडा, लिबलिबीत गोळा हाती लागतो. बोटांनी चिरडला तर मेणासारखा पसरतो आणि आत भाताची शितं, चहाचा चोथा, मोहरीचे दाणे, कढीपत्त्याचे देठ रुतलेले दिसतात. हा गोळा बांधून ठेवतं ते तेल-तूप. खोबरेल 24-25 अंशांखाली थिजतं, तूपही गार पाण्यात गोठतं, म्हणून थंडीत सिंक तुंबण्याच्या तक्रारी वाढतात. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून पाण्यात न विरघळणारा पांढरट थर धरतं आणि पाइप आतून अरुंद होत जातो.

बहुतेक पुड्यांमधला मुख्य माल म्हणजे कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. तो चरबीशी मिळाला की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. साबण कारखान्यात होतं तेच इथे पाइपात होतं. चिकट तेलाचा पाण्यात विरघळणारा साबण झाला की त्याने धरून ठेवलेलं खरकटं सुटतं आणि वाहून जातं. हिशेब मांडला तर 50 ग्रॅम कॉस्टिक साधारण 350 ग्रॅम शेंगदाणा तेलाचा साबण करू शकतं. प्रत्यक्षात अर्ध्या तासात त्याच्या जवळपासही जात नाही, कारण कॉस्टिक गोळ्याच्या फक्त वरच्या थराला भिडतं. शितं थोडीफार मऊ पडतात. पण चहाचा चोथा, नारळाची शेंडी, राख, वाळू, प्लॅस्टिकचा तुकडा यांचं ते काहीही बिघडवत नाही.

दुसरं काम उष्णतेचं. कॉस्टिक पाण्यात विरघळताना भरपूर उष्णता सोडतं, ग्रॅममागे साधारण 1.1 किलोज्यूल. 50 ग्रॅम शुद्ध कॉस्टिक 250 मिली पाण्यात टाकलं तर पाणी पन्नासेक अंशांनी तापतं. म्हणजे 25 अंशांचं नळाचं पाणी 75 च्या घरात जातं. गोठलेलं तूप वितळायला ते पुरेसं आहे. पुडीवर साधं पाणी घालायला सांगितलेलं असतं ते याचसाठी. तिथे उकळतं पाणी ओतलं तर मिश्रण क्षणात उसळून वर येतं, थेट तोंडावर. शिवाय साधा पीव्हीसी पाइप 60 अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी असतो. सिंकखालचा पातळ, घड्यांचा वेस्ट पाइप तर त्याआधीच मऊ होऊन लोंबतो आणि नटापाशी गळू लागतो.

काही पावडरींत चकचकीत करडे कणही दिसतात. ते ॲल्युमिनियम. अमेरिकेत 1923 साली बाजारात आलेल्या ‘ड्रेनो’च्या स्फटिकांतही हेच असतं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचं पातळ कवच असतं. कॉस्टिक ते खातं, मग उघडा पडलेला धातू पाण्याशी झपाट्याने क्रिया करतो. एक ग्रॅम ॲल्युमिनियममधून सव्वा लिटरहून जास्त हायड्रोजन निघतो. फसफस आवाज येतो, करडा फेस वर चढतो. हे बुडबुडे गोळा आतून ढवळतात. सोबत नायट्रेट घातलेलं असेल तर अमोनिया तयार होतो आणि जुन्या मुतारीसारखा उग्र वास नाकात जातो. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून तेवढा वेळ शेगडी बंद, खिडकी उघडी. ॲल्युमिनियमचं पातेलं, कुकरचं झाकण सिंकमध्ये राहिलं असेल तर आधी बाहेर काढा, नाहीतर ते काळं पडून खरवडल्यासारखं होतं.

आता कृती. सिंकमध्ये साठलेलं पाणी मगाने उपसून बादलीत काढा. हा टप्पा सगळेच टाळतात आणि इथेच काम बिघडतं. पाच-सात लिटर पाण्यात 50 ग्रॅम पावडर म्हणजे जेमतेम एक टक्क्याचं मिश्रण, त्यातलंही गोळ्यापर्यंत फार थोडं जातं. पाणी काढल्यावर जाळी कोरडी करा, रबरी हातमोजे आणि चष्मा घाला, पावडर थेट भोकात सोडा. लगेच ग्लासभर, म्हणजे 200 ते 250 मिली साधं पाणी बाजूने हळू ओता आणि मागे सरा. सिंकवर वाकून बघत बसू नका. वेळ पुडीवर लिहिलेला असेल तेवढाच द्या, सहसा अर्धा तास. नंतर आधी नळाचं साधं पाणी मिनिटभर सोडा, मग हाताला सोसवेल इतकं गरम पाणी बादलीभर. हे गरम पाणी चुकवू नका. तयार झालेला साबण तेव्हाच वाहून गेला नाही तर पुढे जाऊन थंड होतो, जड पाण्यातल्या कॅल्शियमने पुन्हा घट्ट होतो आणि सिंकऐवजी चेंबरकडे, म्हणजे घराबाहेरच्या सांडपाण्याच्या टाकीकडे, जाणारी लाइन तुंबते.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे पावडर ट्रॅपमध्येच दगड होऊन बसणं. पाणी कमी पडलं किंवा रात्रभर तसंच ठेवलं की कॉस्टिक ओलावा शोषून गठ्ठा धरतं, त्यात अर्धवट झालेला साबण मिसळतो आणि बॉटल ट्रॅपच्या तळाशी पांढरी ढेप बसते. तिच्यावर दुसरी पुडी टाकली की ढेप आणखी मोठी होते, बाकी काही नाही. साधं पाणी थोडं थोडं सोडत ती विरघळू द्यावी लागते, किंवा हातमोजे घालून, खाली प्लॅस्टिकची बादली ठेवून ट्रॅप उघडावा लागतो. पावडर टाकल्यावर पाणी हललं नाही म्हणून प्लंजर मारणं तर फारच घातक: दाबाने उडणारं ते पाणी म्हणजे गरम कॉस्टिक असतं. प्लंजर पुडीच्या आधी मारायचा. बेसिन असेल तर वरचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने बंद करून.

बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यात, मामला वेगळा, तिथे केसांचा गुंता असतो. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचे, कॉस्टिक त्यातले गंधकाचे बंध तोडतं आणि केस चिकट लगद्यासारखे होतात, पण त्याला वेळ लागतो. अशा जागी द्रवरूप क्लीनर जास्त उपयोगी. त्यात कॉस्टिकबरोबर ब्लीच असतं आणि हा द्रव पाण्याहून जड असल्याने साठलेल्या पाण्यातून खाली उतरतो. तरी माझं मत असं की नहाणी ट्रॅपची जाळी उचलून वाकड्या तारेने गुंता ओढून काढणं दोन मिनिटांचं काम आहे, तिथे रसायन कशाला? कमोडमध्ये मात्र कॉस्टिक अजिबात नको. तिथला अडथळा बहुतेक वेळा चरबीचा नसतोच आणि उष्णतेने चिनीमातीचं भांडं तडकू शकतं.

संडासाचं ॲसिड सिंकमध्ये ओतणारे खूप आहेत. हायड्रोक्लोरिक ॲसिड क्षार खातं, चरबीला हातही लावत नाही. स्टीलच्या सिंकवर त्याने बारीक खड्डे पडतात. मोरीत शहाबादी फरशी असेल तर ती चुनखडीची, ॲसिड पडलं की फसफसते आणि खरखरीत होते. जुन्या इमारतींतले बिडाचे पाइपही ॲसिडने झिजतात. आणि पुडी टाकलेल्या पाइपात ॲसिड ओतलं तर दोन्ही एकमेकांवर तुटून पडतात, उकळून बाहेर उडतात. द्रव क्लीनरमधल्या ब्लीचवर ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो. दोन वेगळी रसायनं एका पाइपात एकाच दिवशी नकोत.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. फेस छान येतो, पण तो कार्बन डायऑक्साइड. दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं ते सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी. त्याने तूप हलत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा दोन चमचे धुण्याचा सोडा बादलीभर गरम पाण्यात विरघळवून ओतला तर थर साठायला वेळ लागतो. कढई घासण्याआधी कागदाने पुसली तर आणखी फायदा. दिवाळीच्या तळणाचं उरलेलं तेल तर सिंकमध्ये जाताच कामा नये.

कॉस्टिक अंगावर पडलं तर कोरडी पावडर आधी झटका, मग वाहत्या पाण्याखाली किमान 20 मिनिटं धरा. लिंबू-व्हिनेगर लावू नका. सुरुवातीला फक्त बुळबुळीत लागतं, फारसं दुखत नाही, आणि तेवढ्या वेळात ते खोल उतरतं. बुळबुळीत लागतं कारण कातडीवरच्या चरबीचाही साबण होत असतो. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तेवढाच वेळ पाणी मारा आणि तसंच दवाखाना गाठा. पोटात गेलं तर उलटी करवू नका, वर येताना ते अन्ननलिका पुन्हा जाळतं. पुडी पांढरी, दाणेदार, साखरेसारखी दिसते. फोडलेली अर्धी पुडी ओट्यावर ठेवू नका, ती लहान मुलाच्या हाती लागते.

एका पुडीने पाणी हललं नाही तर दुसरी आणू नका. अडथळा चरबीचा नाही, किंवा ट्रॅपच्या पुढे लाइनमध्ये आहे. तिथे स्प्रिंगची तारच लागते. शेजारच्या बाथरूमचंही पाणी मागे येत असेल तर बाहेरचा चेंबर बघा. प्लंबर आला की तो ट्रॅपला हात लावायच्या आधी सांगा की पाइपात पुडी टाकली आहे, कोणती आणि केव्हा. रिकामं पाकीट फेकून न देता त्याच्या हाती द्या.