स्पोर्ट क्वाडचे टायर बदलले, की स्प्रॉकेटचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो

स्पोर्ट क्वाडचे, म्हणजे मोटारसायकलसारखे हँडल असलेल्या आणि खडबडीत वाटांवर पळवायच्या चारचाकी गाडीचे, मागचे टायर बदलताना बहुतेक जण नक्षी पाहतात, रुंदी पाहतात आणि रिमला बसेल एवढी खात्री करून घेतात. टायरचा व्यास हासुद्धा एक गिअरच आहे, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. इंजिनाची ताकद पुढच्या लहान स्प्रॉकेटवरून (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्रावरून) चेनमार्फत मागच्या मोठ्या स्प्रॉकेटकडे, तिथून मागची दोन चाके जोडणाऱ्या अ‍ॅक्सलला आणि शेवटी टायरच्या घेरातून जमिनीला मिळते. म्हणूनच स्प्रॉकेट आणि टायर यांचा विचार वेगवेगळा करू नये, दोहोंचा मिळून एकच आकडा काढावा, असे माझे ठाम मत आहे.

पुढचे स्प्रॉकेट एकदा पूर्ण फिरल्यावर क्वाड जमिनीवर किती पुढे सरकते, हा तो आकडा. तो काढायला मागच्या टायरच्या घेराला पुढच्या दात्यांच्या संख्येने गुणून मागच्या दात्यांच्या संख्येने भागायचे, एवढेच करावे लागते. यामाहाच्या वायएफझेड ४५०आर आणि रॅप्टर ७०० या दोन्ही क्वाडना कारखान्यातून पुढे १४ आणि मागे ३८ दाते येतात आणि मागचे टायर २० इंची असतात. २० इंच व्यासाचा घेर साधारण १५९.६ सेंटिमीटर भरतो, म्हणजे पुढच्या स्प्रॉकेटच्या एका फेऱ्यात क्वाड ५८.८ सेंटिमीटर पुढे जाते. आता स्प्रॉकेटला हात न लावता २२ इंची टायर चढवले, तर हेच अंतर ६४.७ सेंटिमीटर होते. सगळे गिअर एकदम १० टक्क्यांनी लांबतात, चढावर पहिल्या गिअरमध्येही क्लच घसरवत राहावे लागते आणि वळणातून बाहेर पडताना इंजिन मंदावते. याउलट १८ इंची टायर घातले, तर अंतर ५२.९ सेंटिमीटरवर येते. २० इंची टायर ठेवून पुढचा एक दाता कमी केला, तर ते ५४.६ सेंटिमीटर होते. म्हणजे ठेंगणे टायर लावणे हे पुढचा एक दाता कमी करण्याहूनही मोठे पाऊल आहे आणि ठेंगण्या टायरसोबत दाताही कमी करणाऱ्याचे इंजिन सरळ वाटेवर फार लवकर आपल्या कमाल फेऱ्यांना जाऊन भिडते.

२२ इंची टायर लावून मूळ चाल परत मिळवायची असेल, तर पुढे १३ आणि मागे ३९ दाते घेतल्यास अंतर ५८.५ सेंटिमीटर येते, जे मूळ आकड्याच्या अगदी जवळ आहे. मागचे ३८ दात्यांचेच स्प्रॉकेट ठेवून फक्त पुढे १३ केले, तरी ६०.१ सेंटिमीटर येते. एवढा फरक चालवताना फारसा खटकत नाही, आणि एकच स्वस्त भाग बदलून काम होत असल्याने मी आधी हाच उपाय सुचवेन. १८ इंची टायरसोबत पुढे १५ दाते घेतले, तर ५६.७ सेंटिमीटर मिळतात, म्हणजे गिअर मूळपेक्षा किंचित आखूड राहतात. उड्या आणि जवळजवळची वळणे असलेल्या मोटोक्रॉसच्या मार्गावर तेच हवे असते.

पुढचा एक दाता आणि मागचे जवळजवळ पावणेतीन दाते यांचा परिणाम सारखाच असतो. मग पुढचे स्प्रॉकेट लहान करावे की मागचे मोठे, या प्रश्नाचे उत्तर मोटारसायकलवर एक आणि क्वाडवर दुसरे येते. क्वाडचे मागचे स्प्रॉकेट दोन चाकांच्या मधोमध, उघड्या अ‍ॅक्सलवर, दगडांच्या वाटेत लटकलेले असते. ५२० मापाच्या चेनवर ३८ दात्यांच्या स्प्रॉकेटचा व्यास सुमारे १९२ मिलिमीटर असतो आणि ४२ दात्यांचा सुमारे २१२ मिलिमीटर, म्हणजे स्प्रॉकेट जमिनीच्या दिशेने आणखी एक सेंटिमीटर खाली येते. त्यात १८ इंची टायरमुळे अ‍ॅक्सल आधीच एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर खाली आलेला असतो. खडकाळ वाटेवर एवढ्या फरकाने चेन आणि दाते दगडावर आपटू लागतात.

म्हणून पुढचे स्प्रॉकेट लहान करणे सोयीचे ठरते, पण त्यालाही मर्यादा आहे. चेनची प्रत्येक कडी १४ दात्यांवर सुमारे २६ अंशांत वळते, तर १२ दात्यांवर ३० अंशांत. वळण जितके तीव्र, तितकी कडीची पिन अधिक झिजते, चेनची ओढ अधिक धक्क्याने बसते आणि स्विंगआर्मवरच्या (मागची चाके धरून वर-खाली हलणाऱ्या बाहूवरच्या) रबरी पट्टीला चेन जास्त घासते. १३ दात्यांपर्यंत मी निश्चिंत असतो. त्याखाली जाण्यापेक्षा मागे दोन-तीन दाते वाढवणे किंवा टायरचा व्यासच पुन्हा तपासणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

या हिशोबात एक फसवी जागा आहे. टायरवर २०×१०-९ असे लिहिलेले असते, तेव्हा पहिला आकडा व्यास, दुसरा रुंदी आणि तिसरा रिमचा व्यास, तिन्ही इंचांत असतात. पण क्वाडचे टायर फार कमी हवेवर चालतात, स्वाराच्या वजनाने दबतात, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे २० इंची टायर शेजारी ठेवल्यास नेहमी सारखे भरतीलच असे नाही. म्हणून टायरवर खडूची खूण करावी, नेहमीची हवा भरून क्वाडवर बसावे, एखाद्या सोबत्याकडून गाडी एक पूर्ण फेरा ढकलून घ्यावी आणि जमिनीवरचे अंतर टेपने मोजावे. छापील आकड्यापेक्षा या मापावर विश्वास ठेवावा.

स्प्रॉकेट बदलून सगळेच भरून निघते असेही नाही. मोठा टायर जड असतो आणि त्याचे वजन मध्यापासून लांब असते, त्यामुळे आकडा बरोबर जुळवला तरी वेग घेताना तो सुस्त वाटतो. ब्रेकची गोष्ट त्याहून महत्त्वाची. मागची डिस्क अ‍ॅक्सलवर, म्हणजे चेनच्या पलीकडे असते, त्यामुळे २२ इंची टायरने जमिनीवरची मागच्या ब्रेकची पकड सुमारे ९ टक्क्यांनी कमी होते आणि कोणत्याही स्प्रॉकेटने ती परत येत नाही. शिवाय अ‍ॅक्सल उंच गेल्याने वळणात क्वाड कलंडण्याचा धोका वाढतो. चिखल किंवा खोल चाकोऱ्या नसतील, तर केवळ दिसण्यासाठी २२ इंची टायर लावू नयेत असे मी आग्रहाने सांगेन. पुढची चाके इंजिनाला जोडलेली नसल्यामुळे त्यांचा व्यास या हिशोबात येत नाही. चारही चाके ओढणाऱ्या क्वाडवर मात्र पुढच्या-मागच्या घेरांचे प्रमाण बिघडवून चालत नाही.

शेवटची बाब चेनच्या लांबीची. एक दाता वाढवला किंवा कमी केला, की अ‍ॅक्सल सुमारे ४ मिलिमीटर सरकवावा लागतो, तर चार दात्यांसाठी सुमारे १६ मिलिमीटर. तेवढी जागा समायोजनात नसेल, तर चेनच्या कड्या बदलाव्या लागतात. नंतर ताण तपासताना सस्पेंशन दाबून पुढचे स्प्रॉकेट, स्विंगआर्मची खीळ आणि अ‍ॅक्सल एका रेषेत आणावेत, कारण चेन त्याच स्थितीत सर्वांत जास्त ताणलेली असते आणि तिथेही तिला थोडी ढील उरली पाहिजे.