जॅकवर चढवली की आवाज गप्प

गणपतीच्या आधी, ऐन पावसात, जांबोटीकडचे एक रिटायर्ड गुरुजी बेळगावात आमच्या उद्यमबागेतल्या गॅरेजात आले. गाडी साधी, पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक, आणि निम्मी चिखलानं लाल झालेली. उतरल्या उतरल्या त्यांनी डिकी उघडून दाखवली. गोणपाटात गुंडाळलेला जुना एक्सल, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा.

"हा बदलून झाला ओ, तरी टकटक हायच की!"

एक्सल हातात घेऊन बघितला. बाहेरच्या जॉइंटचा रबर बूट फाटलेला, आत ग्रीस कमी आणि माती जास्त. जॉइंट हलवला तर हाताला ढिलेपणा लागत होता. म्हणजे आधीच्या गॅरेजवाल्यानं फसवलं नव्हतं, एक्सल खरोखरच गेला होता. पण गाडीत आवाज एकच असतो असं कुठं लिहिलंय?

"गुरुजी, आवाज काढून दाखवा की."

जन्म शाळेत गेलेला माणूस, लाजला नाही. आधी "कट-कट-कट-कट" करून दाखवलं. "हा वळणावर रेस दिली की यायचा, तो गेला. आता असा येतो." मग थोडं थांबून, "टक्... टुंग!"

"कधी?"

"सकाळी अंगणातनं गाडी काढताना. जागेवर उभं राहून स्टिअरिंग फिरवलं की."

जॉइंट खराब असला की आवाज चाकाच्या फेऱ्यांबरोबर येतो, चाक जोरात फिरलं की कटकटही जोरात. उभ्या गाडीत एक्सल सहसा बोलत नाही. त्यात गुरुजी सहज बोलून गेले, की आधीच्या ठिकाणी गाडी वर उचलून स्टिअरिंग फिरवलं तर आवाज गायब, खाली ठेवली की परत चालू. आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, ओढून आणावं लागतं, त्यानं खांदा दुखतो. खांद्याचं खापर ते वयावर फोडत होते. मला ते वयाचं वाटेना.

त्यामुळं गाडी लिफ्टवर घेतलीच नाही. जमिनीवरच ठेवली, बॉनेट उघडलं. आमचा हेल्पर बैलहोंगलचा, त्याला सीटवर बसवलं. स्टिअरिंग कॉलमखालचा जॉइंट हातात धरून बघितला, तो गप्प. मग गुडघ्यावर बसून उजव्या चाकाच्या वरून हात आत घातला आणि शॉकअपच्या स्प्रिंगवर बाहेरून तळवा ठेवला. वेटोळ्यांमध्ये बोट घालायचं नाही, हे त्या पोराला मी रोज सांगतो.

"हळू फिरव."

स्टिअरिंग डावीकडं जाऊ लागलं. स्प्रिंग चाकाबरोबर सरळ फिरायला हवी होती. ती फिरेना. माझ्या तळव्याखाली ती पिळ खात गेली, पिळा भरलेल्या सुंभासारखी, आणि एकदम उसळली. टुंग!

"बंतु अण्णा, बंतु!" आला, आला, म्हणून तो कानडीत ओरडला. आत बसलेल्याला आवाज माझ्याआधी ऐकू आला होता.

डाव्या बाजूला हेच करून बघितलं. स्प्रिंग लोण्यासारखी नसली तरी मुकाट फिरत होती. उजव्या शॉकअपच्या वरचं, स्प्रिंगला चाकाबरोबर फिरू देणारं बेअरिंग जाम झालं होतं. गाडीचं वजन वरून दाबत असतं तेव्हा ते अडतं, गाडी उचलली की ओझं कमी होतं आणि आवाज लपतो.

शॉकअप खाली काढण्याआधी नकलच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाच्या, बोल्टांची जागा खुणा करून ठेवली, नाहीतर चाकाचा कोन पार बदलतो. मग स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून दोन्ही बाजूंनी सारखी आवळली, स्प्रिंग तिच्या बैठकीवरून सुटून हाताला ढिली लागली तेव्हाच वरच्या नटाला पाना लावला. इथं घाई करणाऱ्याचं तोंड फुटतं, हात मोडतो. आवळलेली स्प्रिंग कोणाची भीडभाड ठेवत नाही.

बेअरिंग निघालं ते फिरतच नव्हतं. दोन्ही चकत्या उचकटल्या तर ग्रीसच्या जागी विटकरी लगदा, गोळ्या गंजलेल्या, त्यांच्या वाटेवर बारीक बारीक खड्डे. पाणी आलं कुठून? बॉनेटखाली डाव्या टॉवरवर, म्हणजे शॉकअपचं वरचं टोक बसतं तिथं, रबराची टोपी होती, उजवीकडची गायब. काचेखालून ओघळणारं पाणी सरळ आत. पाच-पन्नास रुपयांची ती टोपी कुठल्या गॅरेजात पडली, कोण जाणे.

बेअरिंग कोल्हापूरहून मागवावं लागलं. सीमाप्रश्नावरून काही पेटलं आणि एसटी बंद पडली की आमचे पार्टही तिकडंच अडकतात. यावेळी सगळं शांत होतं, संध्याकाळच्या गाडीनं पार्सल आलं. डावंही बदललं, एकाच वयाचं, त्याचीही पाळी जवळच होती. शॉकअप वर जिथं बसतो त्या माउंटचं रबर चांगलं होतं, ते राहू दिलं. नट मात्र नवे घातले, आणि टोपी एका भंगारवाल्याकडं मिळाली. मग गाडी अलाइनमेंटला पाठवली.

ट्रायलला गुरुजींनाच बसवलं. तिसऱ्या रेल्वे गेटाकडून वळून आले, स्टिअरिंगवरचा हात सैल सोडून दाखवला. आवाज नाही, चाकं आपोआप सरळ.

"मग त्या एक्सलचे पैसे फुकट गेले म्हणा की!"

"नाही ओ, तो नसता बदलला तर तुम्ही घाटात अडकला असता."

त्यांना ते अर्धंच पटलं. जुना एक्सल भंगारात द्या म्हटलं तर नको म्हणाले. "पैसे मोजलेत," म्हणत गोणपाट नीट बांधून परत डिकीत ठेवलं.