सायकलच्या भंगारातला मोर भिंतीवर टिकवायचा तर

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर गेलं की जुन्या काळ्या २८ इंची सायकलींचा माल मिळतो. मोरासाठी तोच घ्या. गिअरच्या सायकलींच्या रिम बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात, लोखंडावर त्यांना वेल्डिंग बसत नाही. ६ फुटी पिसाऱ्याला ७ रिम, १२ फ्रीव्हील (मागच्या चाकावरची, चेन बसते ती दातेरी चक्रं), ४ चेन आणि मानेसाठी एक हँडल पुरतं. या सायकलींच्या मागच्या चाकाला ४० स्पोक, पुढच्याला ३२. दाट पिसाऱ्यासाठी मागचीच चाकं शोधा.

नको असलेले स्पोक ताणात असताना कापू नका, रिम पापडासारखी वाकते. आदल्या रात्री निपलांवर, म्हणजे रिमपाशी स्पोक धरणाऱ्या छोट्या नटांवर, तेल सोडा, सकाळी सगळे थोडेथोडे सैल करा आणि मग काढा.

वेल्डरला एक गोष्ट बजावून सांगाच: फ्रेमच्या सांध्यांवर टाका मारायचा नाही. तिथे नळ्या पितळाने झाळलेल्या असतात. पितळ वितळून टाक्यात मिसळलं की टाका सच्छिद्र होतो आणि पुढे तडकतो. सांध्यापासून दोन बोटं लांब, नळीच्या अंगावर जोडा. क्रोम आधी घासून काढा, वेल्डिंगमध्ये त्याचा धूर विषारी असतो. घासतानाही मास्क हवा. चेन रात्रभर डिझेलमध्ये भिजवून, साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. तेल उरलं तर टाक्याला बुडबुडे धरतात.

पिसाऱ्याचे डोळे म्हणजे फ्रीव्हील. त्यांचं पोलाद कडक केलेलं असतं, त्यामुळे टाका थंड होताना चिरतो. मधल्या सुमारे ३५ मि.मी.च्या भोकातून १० मि.मी.चा बोल्ट घाला आणि दोन्ही बाजूंना ४० मि.मी.चे वॉशर लावा. त्याहून मोठा वॉशर बाहेरच्या कड्याला दाबून धरतो. वॉशर बरोबर बसला तर दाते मोकळे राहतात आणि पोरांनी बोटाने फिरवले की टकटक वाजतात. हे वाजणं फार सुंदर आहे, ते घालवू नका! त्यासाठी दर पावसाळ्याआधी तेलाचे दोन थेंब पुरे.

रंगाआधी रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात द्या. भिंतीपासून इंचभर अंतर ठेवा, म्हणजे मागची बाजू वाळते. हँडलची दोन्ही तोंडं बंद करणार असाल तर वेल्डिंगआधीच सर्वांत खालच्या जागी ६ मि.मी.चं भोक पाडा. तापलेली हवा तिथून निघते, नाहीतर शेवटचा टाका फुटतो. पुढे पावसाचं पाणीही तिथूनच गळतं.