किती भेटले?

“तुमाला किती भेटले हो?”

जालन्याच्या मोंढ्यात बत्तीस वर्षं मुनीमकी केली. त्या बत्तीस वर्षांत हा प्रश्न चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मयतीला जाताना जीपमध्येही विचारला गेला. ख्रिस्ती झालात तेव्हा किती भेटले, असा त्याचा अर्थ. विचारणारी माणसं वाईट नसतात. ज्यांनी ज्यांनी विचारलं, त्यांच्यातल्या निम्म्यांनी मला अडीनडीला उसने दिलेत. यंदा १७ सप्टेंबरला झेंडावंदन आटोपून जिलेबीच्या रांगेत उभा होतो. शेजारच्या आडतीचे शेठ म्हणाले, “मुनीमजी, आज आमच्यासंगं मुक्तिसंग्रामाला अन् रविवारी तिकडं. खरं सांगा, तुमच्या आज्याला किती भेटले?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पण मी हिशेबाचा माणूस. वही उघडल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि वहीला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. तुम्ही कायम एकाच बाजूचं विचारता.

आधी जमा. आबांना, म्हणजे माझ्या आज्याला, पाटी मिळाली, कंदिलाच्या उजेडात रात्रशाळेत बाराखडी मिळाली, हिवतापावर क्विनाईन मिळालं. ‘ए’ सोडून नावानं हाक मिळाली. ज्या बाकावर पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बसायचे, त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला जागा मिळाली. रोकड नाही. असती तर आबांनी सांगितली असती. चार आण्यांचा व्यवहारही ते लिहून ठेवायचे, ती खोड माझ्यात त्यांचीच.

एक गैरसमज मात्र खोडायलाच हवा. “इंग्रजांनी बाटवलं” असं सर्रास म्हणतात. आमच्यावर राज्य निजामाचं होतं. जालन्याला इंग्रजांची छावणी होती, हे खरं. पण इथं ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्चचा समाज, उभी केली ती रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. ते देशस्थ ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. जालन्याजवळ त्यांनी बेथेल वसवलं, त्याला जमीन मिळाली ती निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या अमलात. स्कॉटलंडचं चर्च, ब्राह्मण पाळक, मुसलमान दिवाण आणि महार-मांगांची मंडळी! असला पंचमेळ मराठवाड्यातच जमू शकतो.

याच शेषाद्रींचा धाकटा भाऊ श्रीपत. तोही ख्रिस्ती व्हायला निघाला होता. अल्पवयीन म्हणून कोर्टानं त्याला बापाच्या ताब्यात दिलं. पण जात त्याला परत घेईना. तेव्हा ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यायचा खटाटोप केला, आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. थोरला गेला त्यानंही भरलं, धाकट्याला परत आणणाऱ्यानंही भरलं. त्या काळी मनासारखं वागायचा दर दोन्ही बाजूंना सारखाच होता.

आता नावे.

आबांकडे गावकीचं काम होतं. वेस राखायची, सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं. त्याबदल्यात सुगीला खळ्यावरचं बलुतं आणि रोजची मागून आणलेली भाकर. बाप्तिस्म्यानंतर आबा म्हणाले, सांगावा नेईन, ढोर ओढणार नाही. गाव म्हणालं, मग खळ्यावर येऊ नको. एवढंच. मारहाण नाही, आरडाओरड नाही. त्या वर्षी घरात ज्वारी आली नाही. पणजीच्या देव्हाऱ्यात मरीआई होती, तिनं तीन वर्षं लेकाची चूल वेगळी ठेवली. भावकीनं सोयरीक तोडली, म्हणून आत्या नगर जिल्ह्यात द्यावी लागली. आणि त्या काळी नगरला लेक देणं म्हणजे वर्षातून एकदा तोंड दिसणं. हे सगळं मी नावे टाकतो, कारण कुणीतरी टाकायला हवं. घरात याची तक्रार मी कधी ऐकली नाही. आजी फक्त ज्वारी निवडताना एखाद वेळी म्हणायची, “त्या साली हुलग्यावर काढलं बाप्पा.”

मग १९४८ आलं. रझाकारांच्या, निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, भीतीनं बायका-पोरं रात्री शेतात जायची. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, तीत माणूस दिसत नसे. सप्टेंबरात फौजा आल्या. १३ तारखेला कारवाई सुरू झाली आणि १७ ला निजामानं शरणागती दिली. गावात गुलाल उधळला, मारुतीच्या पारावर माणसं चढून नाचली. आबा खाली उभे होते. कुणीतरी ओरडलं, “काहून रे, तुला आनंद नाही झाला का?” आबा म्हणाले, “झाला की. पारावर येऊ देता का?”

क्षणभर सगळे गप्प झाले म्हणतात. मग कुणीतरी हात दिला आणि आबा वर गेले. त्या दिवशी गेले. दुसऱ्या दिवशी पार पुन्हा पहिल्यासारखा झाला.

मला १७ सप्टेंबरला झेंड्याजवळ काहून उभा राहता म्हणून विचारतात, तेव्हा मला तो एक दिवस आठवतो. देश आबांनाही मिळाला होता. पाराची पायरी मात्र त्यांना एका दिवसापुरती मिळाली.

एक गोष्ट मोंढ्यात कुणालाच माहीत नसते, आणि सांगितली तर पटत नाही. घटना समितीत अल्पसंख्याकांसाठी राखीव मतदारसंघांचा विचार चालला होता. त्या समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी. बंगाली ख्रिस्ती, पेशानं प्राध्यापक. मे १९४९ मध्ये धर्माच्या नावावरच्या राखीव जागा नकोत असं ठरलं, तेव्हा मुखर्जी आणि इतर ख्रिस्ती सभासद त्या निर्णयाच्या बाजूनं होते. आम्हाला वेगळी खुर्ची नको, शेजाऱ्यांवर आमचा भरवसा आहे, असा त्याचा मतलब. मराठवाड्याच्या माणसाला हे लगेच कळायला पाहिजे. आपणही संयुक्त महाराष्ट्रात बिनशर्त आलो की नाही? आणि तेव्हापासून आजतागायत अनुशेष मोजत बसलोय की नाही? बिनशर्त देणाऱ्याची पाठ थोपटतात आणि मग त्याला विसरतात, हा आपला अनुभव. त्यांनी केलं ते बरोबर की चूक, यावर मी स्वतःशीच अनेकदा भांडलोय. मन मोठं होतं यात वाद नाही. पण मोठ्या मनाचं व्याज कुणी देत नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तिसरा परिच्छेद आला. हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख घेतले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. महाराष्ट्रात आम्हाला इतर मागासवर्गात जागा आहे, नाही असं नाही. पण राखीव मतदारसंघ नाही, आणि १९८९ चा अत्याचारविरोधी कायदाही आमच्या बाजूनं उभा राहत नाही. सरकारचं म्हणणं, तुमच्या धर्मात जात नाही. पुस्तकात नाहीच. पण १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा माझ्या आजोळच्या वस्तीत बौद्धांची घरं जळली आणि मधली दोन ख्रिश्चनांची घरंही जळली. काडी लावणाऱ्यांनी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नव्हता.

या नोंदीपर्यंत माझा हात सरळ चालतो. पुढची नोंद लिहिताना थांबतो.

माझी लेक बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिच्या मैत्रिणीला, मार्क कमी असून, जातीच्या दाखल्यावर हव्या त्या कॉलेजात जागा मिळाली. मैत्रिणीचं घर आमच्या घरापासून तिसरं, आजे-पणजे एकाच वाड्यातले. रात्री लेक म्हणाली, “पप्पा, आबांनी त्यांचं स्वातंत्र्य घेतलं, चांगलं केलं. पण पावती माझ्या नावावर काहून फाडली?”

मी उत्तर दिलं नाही. माझ्याकडे नव्हतं. जमा-नावे मांडणाऱ्याला हे कळायला हवं होतं की किंमत मोजणारा एक असतो आणि वसुली दुसऱ्याकडून होते. प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलंय की तुम्हाला मोल देऊन विकत घेतलंय, आता माणसांचे गुलाम होऊ नका. लहानपणी ते पाठ केलं तेव्हा वाटायचं, मोल एकदाच दिलं, ख्रिस्तानं दिलं, व्यवहार मिटला. आता वाटतं, ते सोडवून घेण्याचं मोल झालं. सुटलेलं राखायचा खर्च वेगळा, आणि तो दर पिढीला नव्यानं येतो.

आमच्या मंडळीत काही घरं कागदावर हिंदू आहेत. दाखला जातीचा, नाव जुनं, वहीत सभासद म्हणून नोंद नाही. नाताळला मागच्या बाकावर बसतात, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या, वेळी उठून बाहेर जातात. मी कमिटीवर होतो तेव्हा त्यांच्याविषयी फार कडक बोललो. म्हणालो, दोन वह्या ठेवणारा मुनीम आम्ही कामावर ठेवत नाही. तेव्हा एक म्हातारी उठून म्हणाली, “भाऊ, तुमच्या पोरीला दुसरं कॉलेज परवडलं. त्यांच्या पोराला परवडलं नसतं.” मी खाली बसलो. तरी माझं मन त्यांच्या बाजूनं पूर्ण वळलं, असंही नाही. जो ख्रिस्ताचं नाव कागदावर लिहितो त्याला दंड आणि जो लपवतो त्याला सवलत, असा नियम असला तर माणसं लपवणारच. चूक नियमाची आहे. पण लपवताना आत काहीतरी मरतं. मागच्या बाकावरून उठून जाणाऱ्यांचे चेहरे मी पाहिलेत.

बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एक प्रसंग आहे. पौलाला फटके मारायला बांधतात, तेव्हा तो सांगतो की मी रोमी नागरिक आहे. सरदार चपापतो. म्हणतो, ही नागरिकता मी पुष्कळ पैसे भरून मिळवली. पौल म्हणतो, मी तर जन्मानंच आहे. हा प्रसंग वाचला की मला मोंढा आठवतो. “तुम्ही इकडचे कसे?” असं विचारणाऱ्याला मला पौलासारखं शांतपणे सांगता येत नाही. आवाज चढतो. ते माझं चुकतं.

धर्माच्या आतही स्वातंत्र्य फुकट नसतं, हे सांगायचं राहू नये. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्मगुरूंशी वाद घातला. तुम्ही सांगाल ते डोळे मिटून मानायला मी एक जोखड टाकून दुसरं घेतलेलं नाही, असा त्यांचा बाणा होता. पुढं केडगावला संस्था काढली, तिचं नाव मुक्ती. ना. वा. टिळकांनी तर १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरीच सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. परदेशी पैशावर भारतीय ख्रिस्ती मन उभं राहणार नाही, हे त्यांना दिसलं होतं. आमच्याकडे उपासनेत टाळ-मृदंगावर त्यांची भजनं होतात. गाताना आम्ही डोलतो, पण पाळकांचा पगार थकला की परदेशाकडे बघायची सवय जायला आमच्या मंडळीला टिळकांनंतर साठ-सत्तर वर्षं लागली.

आता सगळं आमचं आम्हीच भरतो. महिन्याचा दशांश, रविवारचं दान आणि वर्षातून एकदा सुगीचा सण. त्या दिवशी वेदीपुढं ढीग लागतो. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, मोसंबी, गूळ, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की लिलाव होतो. वीस रुपयांची पेंडी दोनशेला जाते. लिलाव पुकारायचं काम माझ्याकडे, मोंढ्याचा गळा म्हणून.

जिलेबीच्या रांगेत शेठना मी इतकं सगळं सांगितलं नाही. म्हणालो, सुगीला या. आणि ते आले. चप्पल कुठं काढायची म्हणून दाराशी घुटमळले, मग मागच्या बाकावर बसले. एका विधवा बाईनं परसातला लाल भोपळा आणला होता. बोली पन्नासवर अडली. मागून आवाज आला, “शंभर.” दुसऱ्या टोकानं एकशे वीस केले. आडत्याच तो, ऐकतो का? तीनशे दहावर भोपळा शेठच्या गळ्यात पडला.

पैसे मोजताना त्यांनी विचारलं, “हे जातात कुठं?”

“पाळकसाहेबांचा पगार. आणि यंदा छपराचे पत्रे.”

“वरून काही येत नाही?”

“वरून पाऊस येतो, म्हणून तर पत्रे.”

ते हसले. भोपळा स्कूटरच्या पुढ्यात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर भेटले तेव्हा म्हणाले, “मुनीमजी, भोपळा आतून सडका निघाला.”

मी म्हटलं, “पैसे परत देऊ?”

“राहू द्या,” म्हणाले, आणि माझ्या चहाचेही त्यांनीच दिले.