फॉरमॅट सगळ्यात शेवटी

२००३च्या दसऱ्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान सुरू केलं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात रस्त्याकडची आठ बाय दहाची खोली भाड्याने मिळाली होती. आत एक लाकडी टेबल, दोन स्टुलं, स्क्रू ड्रायव्हरचा संच, तपासणीसाठी जुना सीआरटी मॉनिटर, एवढंच. मी आणि माझा मावसभाऊ असे दोघं. सहा वर्षांनी त्याने मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, नोकरी धरली. मी दुकानातच राहिलो, आणि हिशेबाची वही बायकोने हातात घेतली.

तेव्हा बडोद्यात घरोघरी असेंबल केलेले कॉम्प्युटर येत होते. मुलगा बारावीला आहे, मुलगी सयाजीराव विद्यापीठात आहे, म्हणून घेतलेले. दोन वर्षं झाली की मशीन रिक्षात घालून लोक आमच्याकडे आणत. तक्रार एकच, मराठी घरातून आली तरी आणि गुजराती घरातून आली तरी: "बहु स्लो थई गयुं छे," फार स्लो झालाय. आणि आमचं उत्तरही एकच होतं. फॉरमॅट मारायचा, म्हणजे डिस्क पुसून कोरी करायची, विंडोज एक्सपी नव्याने टाकायची, ड्रायव्हर (मशीनचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) घालायचे, संध्याकाळी मशीन परत. मशीन पळायला लागायचं, गिऱ्हाईक खूश व्हायचं. शहरातली बहुतेक दुकानं तसंच करत होती आणि आम्हालाही त्यात काही गैर वाटत नव्हतं.

२००६च्या पावसाळ्यात एक निवृत्त प्राध्यापक मशीन घेऊन आले. सर मराठी-गुजराती शब्दांची यादी करत होते. दोन्ही भाषांत दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे असलेले शब्द, रोज थोडे थोडे टाइप करून ठेवलेले. आम्ही नेहमीप्रमाणे सी ड्राइव्ह, म्हणजे डिस्कचा विंडोज असलेला भाग, फॉरमॅट केला, डी ड्राइव्हला हात लावला नाही. डी मध्ये डेटा असतो असं आम्ही धरूनच चालायचो. सरांची सगळी यादी डेस्कटॉपवर होती, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो. वर नवी विंडोज बसल्यामुळे बराच भाग पुसला गेला होता. रिकव्हरी सॉफ्टवेअर तीन रात्री चालवलं तेव्हा काही फायली मिळाल्या, पण नावं गेलेली आणि अनेक अर्धवट. सर रागावले नाहीत. "तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं," एवढंच म्हणाले आणि पैसे देऊ लागले. मी ते घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी नोंदवहीत एक नवा रकाना आखला: 'डेस्कटॉपवर काय आहे?' तो रकाना गिऱ्हाइकासमोर, त्याला विचारून भरायचा. आज चौथी वही चालू आहे आणि रकाना तसाच आहे.

दुसरा धडा हार्ड डिस्कच्या एका फ्लॅट केबलने दिला. वाडी भागातल्या एका शिंपीकाकांचं मशीन आम्ही सहा महिन्यांत तीनदा फॉरमॅट केलं. दर वेळी दोन-तीन आठवडे छान चालायचं आणि पुन्हा रखडायचं. गाणं ऐकता ऐकता फाइल कॉपी केली तर गाणं तुटायचं, माउसचा बाण अडखळायचा. चौथ्या वेळी फॉरमॅट न करता डिव्हाइस मॅनेजर उघडून बसलो. हार्ड डिस्क जिथून जोडलेली असते त्या प्रायमरी आयडीई चॅनलच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'करंट ट्रान्सफर मोड' पाहिला, तर तिथे पीआयओ लिहिलेलं. म्हणजे हार्ड डिस्कवरून येणारा डेटा प्रोसेसर स्वतः ओंजळीओंजळीने उचलत होता; डीएमएमध्ये ते काम प्रोसेसरला न गुंतवता परस्पर होतं. एक्सपीची पद्धत अशी होती, की वाचताना चुका होऊन त्यांची बेरीज सहा झाली की विंडोज वेग एक पायरी खाली आणायची. असं करत करत शेवटी पीआयओ. फॉरमॅट केला की ही मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू व्हायची, म्हणून ते दोन-तीन आठवडे सुखाचे. चुका कशामुळे होत होत्या? केबल कॅबिनेटच्या पत्र्याला घासून एका कडेला चिरली होती. नवी केबल लावली, चॅनल काढून पुन्हा ओळखायला लावला, आणि मशीन सुधारलं. काकांकडून आधी तीनदा घेतलेले पैसे मी परत केले, कारण त्या तीन वेळा आम्ही काहीच दुरुस्त केलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे 'स्लो' हे लक्षण मानलं जातं. ताप आला म्हणजे मलेरियाच असं डॉक्टर म्हणत नाहीत, आधी तपासतात.

पुढची काही वर्षं मी भराभर सांगतो. २०११च्या शेवटी थायलंडमध्ये पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि इथे आमच्या टेबलावर डिस्कच्या किमती दुपटीला जाऊन भिडल्या. ८ एप्रिल २०१४ला एक्सपीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे सुरक्षेचे अपडेट, संपला, लोक विंडोज सेव्हनवर आले. त्या काळात बरेच जण रॅम वाढवायला यायचे. त्यांना आधी विंडोज बत्तीस बिटची आहे की चौसष्ट, ते दाखवावं लागायचं. बत्तीस बिटच्या विंडोजला चार जीबीच्या वर रॅम वापरताच येत नाही, चारातलीही सव्वातीन-साडेतीनच हाती लागते. आठ जीबी घालून पैसे वाया घालवलेली कितीतरी मशीन आमच्याकडे आली.

उन्हाळ्याची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी. बडोद्यात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. "सकाळी बरा चालतो, दुपारी झोपतो," अशी तक्रार आली की मी सॉफ्टवेअर बघतच नाही, कॅबिनेटची बाजू उघडतो. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. जुन्या इंटेल बोर्डांवर हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, चार प्लॅस्टिकच्या पिनांवर बसतो. त्यातली एक जरी वर आली, तरी हीटसिंक एका बाजूने उचलला जातो आणि खालची उष्णता पोचवणारी पेस्ट वाळून खडूसारखी होते. मराठी घरात मी आणखी एक विचारतो: कॉम्प्युटर देवघराजवळ आहे का? उदबत्तीच्या धुराने धूळ चिकट होते आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते. नुसत्या ब्लोअरने ती निघत नाही. पंखा सोडवून, ब्रशने एकेक फट मोकळी करावी लागते. एका घरातल्या मशीनची हीटसिंक साफ करून, नवी पेस्ट लावून दिली, तेव्हा नव्वदच्या पुढे गेलेलं तापमान साठीच्या आत आलं. एक रुपयाचाही नवा भाग लागला नव्हता.

एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपवरची डिस्क, आमच्याकडे २०१७च्या सुमाराला नियमित लागायला लागली, आणि तिने आमच्या धंद्याचं रूप बदललं. गिऱ्हाइकाला मी तोंडी हिशोब सांगतो. साध्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, चार मिलिसेकंद. सुई योग्य जागी सरकायला आणखी आठ-नऊ. म्हणजे इकडचे तिकडचे छोटे तुकडे वाचायचे तर सेकंदाला जेमतेम पंचाहत्तर-ऐंशी. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे वाचते. एसएसडीत फिरणारं काही नाही, तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात मिळतो. म्हणून २०११-१२च्या आय-थ्री मशीनला एसएसडी लावली की चार मिनिटांचं सुरू होणं अर्ध्या मिनिटावर येतं. जुन्या बोर्डावर एसएसडी पूर्ण वेगाने चालत नाही हे खरं, पण घरच्या कामात तो फरक जाणवतही नाही.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली. दुकान बंद, आणि फोन मात्र दिवसभर चालू. शाळा ऑनलाइन झाल्या होत्या, मोबाइल घरात एक आणि मुलं दोन, म्हणून माळ्यावरचे कॉम्प्युटर खाली उतरले होते. कारेलीबागेतल्या एका काकूंचा फोन आजही आठवतो. नातू सहावीत.

"अरे, वर्ग सुरू झाला तरी हा गोल गोलच फिरतोय."

"काकू, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप, तिन्ही एकदम दाबा. खिडकी उघडली? खाली 'मोअर डिटेल्स' दिसतंय?"

"दिसतंय."

"त्यावर क्लिक करा. आता वर सीपीयू, मेमरी, डिस्क असे आकडे असतील. लाल कशाखाली आहे?"

"डिस्क. शंभर टक्के."

"आता 'डिस्क' या शब्दावरच क्लिक करा, आणि सगळ्यात वरची दोन नावं मला वाचून दाखवा."

त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं. दोन वेगवेगळे अँटिव्हायरस, दोन्ही एकाच वेळी डिस्क चाळत होते. एक दुकानदाराने घातलेला, दुसरा मुलाने. प्रत्येक फाइल उघडताना दोघंही तपासायचे. फोनवरच एक काढायला लावला, स्टार्टअपच्या यादीतली पाच नावं बंद केली. पाऊण तास लागला. शेवटी काकू म्हणाल्या, "आता चाललं रे, आता दिसतायत बाई." पैसे कसे पाठवू विचारत होत्या. त्या दोन महिन्यांत फोनवरच्या कामाचे पैसे आम्ही कोणाकडूनच घेतले नाहीत. त्यातले कितीतरी लोक नंतर दुकानात आले आणि आजही येतात. आमची वाटचाल खऱ्या अर्थाने पुढे गेली ती तिथून.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी घराघरांत शिरली, तेव्हा ओले कॅबिनेट आले. पाणी गेलेलं मशीन चालू करून बघू नका, हे मी इथे पुन्हा सांगतो. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, तिथून गाळ आत जातो आणि चालू केलं की तबकडी खरवडली जाते. ज्यांनी चालू केलं नव्हतं, त्यांच्यापैकी काहींच्या डिस्क प्रयोगशाळेत पाठवून फोटो परत मिळाले.

आता आमच्याकडे काम कसं चालतं ते सांगतो. वही भरून झाली की सर्वात आधी डिस्कची तब्येत बघतो, क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये. 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या भागांची संख्या, शून्य नसेल तर बाकी सगळं थांबतं. डिस्क तो कमजोर भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, तेवढा वेळ मशीन गोठतं, आणि घरच्यांना वाटतं कॉम्प्युटर म्हातारा झाला. अशा डिस्कवर डीफ्रॅग (तुकडे जुळवणं) किंवा चेकडिस्क (चुका तपासणं) चालवणं म्हणजे धाप लागलेल्या माणसाला जिना चढायला लावणं. आधी कॉपी, मग बाकीचं.

काही वेळा आम्ही नाही म्हणतो. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले असतील, रॅम जुन्या डीडीआर-टू प्रकारची असेल, तर खर्च करू नका असं स्पष्ट सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज टेनचा नेहमीचा आधार संपला. विंडोज इलेव्हनला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांची बरीच मशीन नियमाने बाहेर. ज्यांचं काम मेल, वर्तमानपत्रं आणि व्हिडिओ कॉल एवढंच आहे, त्यांना आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घालून देतो आणि पहिले आठ दिवस कधीही फोन करा म्हणतो. मराठी त्यात नीट उमटतं. जुन्या फॉन्टचं किंवा हिशेबाचं एखादं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालत असेल, तर ते मशीन इंटरनेटपासून तोडून तसंच ठेवायचं, आणि बँकेचं काम दुसऱ्यावर.

हे लिहितोय तेव्हा टेबलावर एका शिक्षिकाबाईंचं २०१२चं मशीन आहे. पेंडिंग सेक्टर अठ्ठेचाळीस. वहीतल्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: 'आईचे आवाज, रेकॉर्डिंग, डेस्कटॉपवर, पिवळ्या फोल्डरात.' डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची कॉपी काढणारा प्रोग्राम आधी चांगले भाग उचलतो, मग खराब भागांकडे वळतो. आत्ता एकसष्ट टक्के झालंय. रात्रभर चालू ठेवणार आहे, यूपीएस लावलाय, आणि पंखा डिस्कवर सोडलाय. बाई उद्या अकराला येतील.